घरातली कात्री आणि काकूंची कात्री : माहीममधील एका शिवणखोलीचे प्रकरण

माहीममधील एका पुनर्विकसित इमारतीत राहणाऱ्या कुटुंबात गणपतीपासून दिवाळीपर्यंत जे घडले आणि पुढे मार्गशीर्षात जी बोलणी झाली, त्यांची ही नोंद आहे. ती कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि नावांऐवजी नात्याचे शब्द वापरले आहेत. ज्यांच्या खोलीविषयी हे प्रकरण आहे त्या बाईंना मी काकू म्हणते. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या माझ्याकडे तुकडे जोडून गोधड्या आणि दुपटी शिवायला शिकल्या. मशीन बिघडली आणि त्यापाठोपाठ घरातला अबोला वाढला, तेव्हा त्यांनी मला मशीन पाहायला बोलावले. मशीन पाहून झाल्यावर घरातल्या प्रत्येकाशी बोलणे झाले, आणि ज्या गोष्टीवरून भांडण पेटले ती बिघाडापेक्षा बरीच वेगळी आहे हे हळूहळू लक्षात आले.

मुंबईच्या घरात छंदासाठी अख्खी खोली मिळणे दुर्मीळच, आणि काकूंनाही ती पूर्ण मिळालेली नव्हती. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर रिकामी झालेली दहा फूट बाय आठ फुटांची खोली त्यांनी शिवणकामासाठी लावून घेतली. तथापि इस्त्रीला द्यायचे कपडे, पाहुण्यांची गादी, प्रवासाच्या बॅगा आणि सणासुदीची मोठी पातेली याच खोलीत राहिली. घरातला प्रत्येक जण काही ना काही घ्यायला दिवसातून दोन-तीनदा तिथे जात असे. पुढच्या घटनांचे एक मूळ मला या मांडणीत दिसते. ज्या खोलीतून आपण आपली बॅग कुणालाही न विचारता उचलतो, तिथलीच कात्री उचलताना मात्र विचारायला हवे, हे माणसाच्या मनात आपोआप येत नाही.

साहित्य फार महागडे नव्हते, पण विचारपूर्वक जमवलेले होते. रोजच्या कामाला झिगझॅग टाका घालणारी विजेची मशीन होती, कापडासाठी दहा इंची मेरठची कात्री होती, आणि तुकडे सरळ कापण्यासाठी ४५ मिलिमीटर पात्याचा गोल कटर, त्याखाली अंथरायची मॅट व पारदर्शक पट्टी असा संच होता. मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाची अधिकृत नोंद, मिळाले आहे. या कात्र्या धार लावून लावून वर्षानुवर्षे वापरता येतात, म्हणून काकूंनी ती मुद्दाम मागवली होती. गोल कटर ही तुलनेने नवी वस्तू आहे. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ साली बाजारात आणला, आणि कापडाचे चार-सहा थर एका ओढीत सरळ कापता येऊ लागल्यामुळे तुकड्यांची गोधडी करणाऱ्यांच्या कामाची पद्धतच बदलली. याशिवाय माळ्यावर काकूंच्या आईची ओतीव लोखंडाची, हाताने फिरवायची जुनी मशीन होती. तिचा विचार तोवर कुणीच केलेला नव्हता. पुढे तिचे महत्त्व वाढले.

तीन घटना

पहिली घटना गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली. काकूंची नणंद दादरला राहते. तिच्या दोन्ही मुलांनी त्या वर्षी मखर घरीच करायचे ठरवले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून अनेक घरांत पुठ्ठ्याचे मखर होऊ लागले आहे, आणि पुठ्ठा कापायचा म्हटल्यावर घरातली सर्वांत मोठी कात्री आठवते. मुलांनी मामाला, म्हणजे काकूंच्या यजमानांना, फोन केला. मामा म्हणाले, "मामीच्या खोलीत आहे, घेऊन जा." मुले येऊन कात्री घेऊन गेली आणि तिने त्यांनी खोक्यांचा जाड पुठ्ठा, कार्डशीट आणि सोनेरी कागद असे सगळे कापले.

कापडाच्या कात्रीने कागद कापू नये हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण त्यामागचे कारण फारसे कुणी सांगत नाही, आणि कारण कळले नाही की तो नियम समोरच्याला नुसता सोवळेपणा वाटतो. कागदात केवळ लगदा नसतो. तो पांढरा आणि गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेट किंवा चिनी माती यांसारखी खनिजांची बारीक पूड मिसळलेली असते, आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यात रद्दीच्या लगद्याबरोबर आलेली कचही असते. ही पूड धार घासून बोथट करते. जाड पुठ्ठ्याने याहून मोठे नुकसान होते. चांगल्या कात्रीची दोन पाती किंचित बाकदार असतात; ती एका वेळी एकाच बिंदूवर एकमेकांना टेकतात आणि कात्री मिटत जाईल तसा तो बिंदू मुठीपासून टोकाकडे सरकतो. पुठ्ठा दाबून कापताना पाती एकमेकांपासून फाकतात, मधला स्क्रू सैल होतो आणि टेकण्याचा बिंदू हरवतो. अशी कात्री पुठ्ठा अजूनही कापते, म्हणून मुलांना काहीच जाणवले नाही. मऊ सुती कापड मात्र पात्यांच्या फटीत दुमडते आणि कापले न जाता चावले जाते.

नणंदेला हे कळल्यावर तिच्या यजमानांनी चांगुलपणाने कात्री रस्त्यावरच्या धारवाल्याकडून घासून आणली. तिथे ती सुरीसारखी दोन्ही अंगांनी घासली गेली. कात्रीच्या पात्याला फक्त बाहेरच्या उताराच्या बाजूने धार लावायची असते. आतली सपाट बाजू घासली की पाती एकमेकांना टेकेनाशी होतात. म्हणजे भरपाईच्या प्रयत्नानेच नुकसान पक्के केले. या गोष्टीचा मला फार खेद वाटतो, कारण या सगळ्या प्रकरणात स्वतःहून जबाबदारी घेणारे ते एकटेच होते, आणि त्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त रोष आला.

दुसरी घटना पितृपक्षातली. सुनेला ऑफिसला जाण्यासाठी जीन्सची उंची कमी करून हवी होती. काकू पुण्याला गेल्या होत्या, म्हणून तिने स्वतःच विजेच्या मशीनवर काम केले. तिला शिवता येते. शाळेत शिकली होती. मशीनवर ११ नंबरची सुई लावलेली होती, म्हणजे पाऊण मिलिमीटर जाडीची, दुपट्याच्या मऊ कापडासाठीची. जीन्सच्या पायाच्या दुमडून घातलेल्या शिवणीत डेनिमचे चार थर असतात, आणि खालची कड दोनदा दुमडली की त्या जागी बारा थर होतात. मशीन तिथे अडली, तिने मागून कापड ओढले, सुई वाकली, खालच्या लोखंडी पट्टीवर आपटली आणि मोडली. तिने डबीतली दुसरी सुई लावली, पण ती शेवटपर्यंत वर ढकलली गेली नाही. जीन्स कशीबशी पूर्ण झाली आणि मशीनवर आच्छादन पडले.

मशीनचा टाका पडतो तो एका अतिशय सूक्ष्म जुळणीमुळे. सुई तळाशी जाऊन किंचित वर येते, त्या क्षणी तिच्यामागे दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो आणि शटलचे, म्हणजे खालचा दोरा सांभाळणाऱ्या फिरत्या भागाचे, टोक नेमके त्याच वेळी येऊन तो पकडते. सुई थोडी खाली राहिली किंवा शटलची वेळ थोडी सरकली तर फास पकडला जात नाही आणि टाके सुटतात. काकू परत आल्यावर एका बारशासाठी दुपटे शिवायला बसल्या, तेव्हा दर चार-पाच टाक्यांनी एक टाका सुटत होता. त्यांनी दोरा बदलला, ताण बदलला, तेल दिले, आणि शेवटी स्वतःच्याच हाताला दोष दिला. मोडलेल्या सुईविषयी त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मी पट्टी उघडली तेव्हा सुईच्या छिद्राच्या कडेला खरवडल्याची खूण होती. पट्टी घासून गुळगुळीत करून आणि शटलची वेळ पुन्हा बसवून घेऊन मशीन दुरुस्त झाली. खर्च फार आला नाही. मात्र काकूंना जे लागले ते खर्चामुळे नव्हतेच. बिघाड आपला आहे असे समजून त्या कित्येक दिवस दुपट्याशी झगडत राहिल्या, आणि घरात एका माणसाला खरे कारण माहीत होते, हे त्यांना सहन झाले नाही.

तिसऱ्या घटनेविषयी थोडक्यात सांगता येईल. दिवाळीच्या आधी नणंद रांगोळीचे छाप कापण्यासाठी कटिंग मॅट घेऊन गेली, धुऊन बाल्कनीच्या गजाला टेकवून उन्हात ठेवली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती मॅट वाकली. उष्णतेने वाकलेली मॅट सहसा पूर्वीसारखी सपाट होत नाही. तिच्यावर पट्टी डुगडुगते, आणि डुगडुगत्या पट्टीवरून गोल कटर घसरला तर तो बोटावरच जातो.

दिवाळीनंतर काकूंनी खोलीला कुलूप लावले. नणंदेने येणे बंद केले, सून खोलीच्या दिशेने पाहीनाशी झाली, आणि काका दोन्हीकडे "जाऊ दे गं" म्हणत राहिले.

परवानगी कोणी दिली

घरातल्यांशी बोलताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: वस्तू घेण्यापूर्वी तुम्ही कुणाला विचारले होते? मला वाटले होते की कुणी विचारले नसेल. तसे नव्हते. तिन्ही वेळा परवानगी मिळालेली होती, किंवा मिळाली आहे असे मानायला जागा होती, आणि या प्रकरणाचा गाभा मला इथे सापडला.

कात्रीची परवानगी काकांनी दिली होती. त्यांच्या दृष्टीने ती घरातली कात्री होती आणि बहिणीच्या मुलांना नाही म्हणण्याचे कारणच नव्हते. सुनेने सांगितले की लग्न होऊन आली तेव्हा काकूंनी तिला खोली दाखवून म्हटले होते, "हे सगळं तुझंच आहे, हवं ते वापर." ते वाक्य तिने मनापासून खरे मानले होते. नणंदेने मॅट नेताना काकूंनाच फोन केला होता आणि काकूंनी उत्तर दिले होते, "ने की, त्यात विचारायचं काय!" काकूंना हे आठवत होते. आपल्याकडे घरच्या माणसाला असेच उत्तर देण्याची रीत आहे, आणि ते ऐकणाऱ्यानेही थोडे थांबून "नक्की ना वहिनी, जपायला काही सांगायचंय का?" असे विचारण्याची रीत आहे. या घरात रीतीचा पहिला अर्धा भाग पाळला गेला आणि दुसरा राहून गेला.

म्हणून "विचारल्याशिवाय घेऊ नये" हा नियम या प्रकरणात अपुरा पडतो. प्रत्येकाकडे कुणाची ना कुणाची परवानगी होतीच. ज्याची वस्तू त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हो म्हणता येत नाही, नवऱ्यालाही नाही, हे कुणी स्पष्टपणे मानलेले नव्हते. आणि जिची वस्तू तिने हो म्हणताना वस्तूचा स्वभाव सांगितला पाहिजे, हे काकूंनीही मानलेले नव्हते.

वस्तू उसनी देण्याच्या व्यवहाराचा विचार आपल्या कायद्यात १८७२ पासून आहे. घरातल्या वादात कायदा आणावा असे मी मुळीच म्हणत नाही, पण भारतीय करार अधिनियमातील या विषयाची कलमे वाचली तर त्यांत घरगुती शहाणपणच शब्दबद्ध झालेले दिसते. वस्तूत जो दोष किंवा धोका देणाऱ्याला माहीत आहे तो त्याने सांगावा, असे १५० वे कलम म्हणते. घेणाऱ्याने ती आपल्या स्वतःच्या वस्तूइतकी, सामान्य समंजस माणूस जपेल तशी जपावी, असे १५१ वे म्हणते. ठरल्यापेक्षा वेगळ्या कामासाठी वापरल्याने नुकसान झाले तर भरून द्यावे, हे १५४ व्या कलमात आहे, आणि मोबदला न घेता वापरायला दिलेली वस्तू देणाऱ्याला सामान्यतः केव्हाही परत मागता येते, हे १५९ व्यात. मी हे बोलण्याच्या ओघात सांगितले तेव्हा काकांनी ते सगळे कागदावर लिहून घेतले. देणाऱ्यावरही सांगण्याची जबाबदारी असते, हे ऐकून नणंदेचा सूर प्रथमच मऊ झाला.

तबला आणि मशीन

काका तबला वाजवतात. जोडी बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असते. तरीही तिच्यावर कुणी वर्तमानपत्र ठेवत नाही, नातू मधल्या काळ्या शाईवर बोट दाबत नाही, आणि पाय लागला तर हात लावून नमस्कार केला जातो. घरात दुसऱ्या कुणाला तबला येत नाही आणि शाई कशाने बिघडते हेही नीट माहीत नाही; तरीही त्याला जपायचे असते हे मात्र सर्वांना माहीत आहे. दसऱ्याला पूजेत तबला होता, पुस्तके होती, स्कूटरला झेंडूचा हार होता. मशीन आणि कात्री नव्हती, आणि त्या स्वतः काकूंनीही ठेवलेल्या नव्हत्या.

मी हा फरक बोलून दाखवला तेव्हा क्षणभर कुणी काही बोलले नाही. मला यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. बाईच्या हातातली कात्री आणि सुई ही पूर्वापार घराच्या उपयोगाची साधने मानली गेली. फाटलेले शिवायचे, बटण लावायचे, उशीचे अभ्रे करायचे. ती एखाद्या स्त्रीच्या स्वतःच्या आवडीची, तिच्या कौशल्याची साधने असू शकतात ही जाणीव मागून आली आणि अजून पुरती रुजलेली नाही. काकूंच्या गोधड्या विकल्या जात नाहीत. त्या लेकीसुनांना, शेजारच्या बाळांना दिल्या जातात. त्यातून पैसा येत नसल्यामुळे त्यांच्या साधनांनाही कामाच्या साधनांचा मान मिळत नाही. काकांच्या तबल्यातूनही पैसा येत नाही, तरी त्याला तो मिळतो. ही विषमता मला गंभीर वाटते, आणि केवळ कुलूप लावून किंवा काढून ती मिटणार नव्हती.

काय ठरले

पहिल्या बैठकीत काकूंचा आग्रह होता की कुणीही कशालाही हात लावू नये. मला तो टिकणारा वाटला नाही. घरात पुठ्ठा कापावा लागणारच, पँटची उंची कमी करावी लागणारच. ती गरज भागवायला दुसरे काही नसेल तर हात पुन्हा त्याच कपाटाकडे जाणार. म्हणून मी वेगळ्या बाजूने विचार करायला सुचवले: कोणती वस्तू द्यायची हे नंतर पाहू, आधी समोरच्याचे काम काय आहे ते पाहू. तसे पाहिले तेव्हा उघड झाले की घेणाऱ्यांनी नेलेली साधने त्यांच्या कामासाठीही चुकीचीच होती.

जाड पुठ्ठ्याला कात्री लागतच नाही. त्याला तुटणाऱ्या पात्यांचा, १८ मिलिमीटर रुंदीचा कटर आणि लोखंडी पट्टी लागते. टोक बोथट झाले की तेवढा तुकडा मोडून टाकायचा आणि पुढचा वापरायचा. ही युक्तीही ओल्फाचीच, १९५६ सालची. असा कटर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात थोडक्यात मिळतो. काकांनी तो आणला, सोबत कागदासाठी साधी कात्री, चिकटपट्टी आणि ग्लू गन घालून एक डबा बैठकीच्या खोलीत ठेवला. दुधाची पिशवी फोडायला काका आजवर भरतकामाची बारीक कात्री घेत असत. पिशवीच्या प्लास्टिकने ती फारशी बिघडली नसती, पण दुधाचा ओलावा पात्यांच्या सांध्यात राहून मुंबईच्या पावसाळी हवेत तिथे गंज धरला होता. स्वयंपाकघरात आता त्या कामासाठी वेगळी कात्री आहे.

जीन्सचा प्रश्न माळ्यावरच्या मशीनने सोडवला. ओतीव लोखंडाची, फक्त सरळ टाका घालणारी ही मशीन जड असते, हलत नाही, आणि चाक हाताने फिरवता येत असल्यामुळे जाड जागी एकेक टाका सावकाश घालता येतो. आत जुने खोबरेल तेल धुळीबरोबर चिकटून बसले होते. ते काढून मशीनचे पातळ तेल दिले, १६ नंबरची सुई लावली, आणि सुनेने बारा थरांवरून टाका घालून पाहिला. तो पडला. ही मशीन आता तिच्या हवाली आहे. काकूंनी ती देताना सुई कशी वर ढकलायची, जाड शिवण हातोडीने ठोकून आधी कशी चपटी करायची आणि मागून कापड का ओढायचे नाही हे शेजारी बसून दाखवले. मोडलेल्या सुईचा विषय सुनेने त्याच दिवशी स्वतः काढला. ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्ही रागवाल, म्हणून बोलले नाही." काकू तेव्हा रागावल्या, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, रागवायला जागा मिळाली म्हणून पुढचे बोलणे सरळ झाले.

कात्रीविषयी असे ठरले की दुरुस्ती कुठे करायची हे ज्याची वस्तू तोच ठरवेल आणि खर्च वापरणारा देईल. नणंदेच्या यजमानांनी नवी मेरठची कात्री आणून दिली. तिच्या मुठीला काकूंनी लाल फीत बांधली, आणि फितीचा अर्थ काय, कागदात कोणती पूड असते, हे सगळे मुलांना सांगितले. जुनी कात्री त्यांनाच देऊन टाकली.

कुलपाबाबत काकूंचे आणि माझे पूर्ण एकमत झाले नाही. खोलीचे कुलूप निघाले, पण एका खणाला ते राहिले. त्यात गोल कटर आणि त्याची पाती असतात. घरात चार वर्षांचा नातू आहे आणि त्या पात्याला नुसता स्पर्श पुरतो, म्हणून हे कुलूप हवेच. काकूंनी त्याच खणात नवी कात्रीही ठेवली आहे आणि विचारणाऱ्याला नातवाचे कारण सांगतात. माझे म्हणणे असे की कात्रीसाठी मुलाची आड घेऊ नये. ती माझी आहे आणि मला ती जपायची आहे, एवढे कारण पुरेसे आहे आणि ते तसेच सांगावे. त्यांना अजून ते जड जाते.

मॅटचा प्रश्न सुटलेला नाही. नणंद पुन्हा येऊ लागली आहे, पण मॅटचा उल्लेख तिने केलेला नाही आणि काकूंनीही काढलेला नाही. त्यांनी स्वतःच्या पैशाने नवी घेतली. काकूंचे म्हणणे, फोनवर हो आपणच म्हटले होते आणि उन्हात ठेवू नये हे सांगितले नव्हते, त्यामुळे मागण्याचा अधिकार उरत नाही. धुतलेली वस्तू उन्हात वाळवणे ही सामान्य समंजस माणसाची कृती आहे, तेव्हा न्यायाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर असेल. पण वाकलेली मॅट अजून नणंदेच्या घरी आहे, आणि येत्या गणपतीत मुले पुठ्ठा कापायला तीच अंथरतील. म्हणून तिच्यावर गोल कटर चालवू नये, एवढे तरी काकूंनी तिला सांगावे असे मी सुचवले आहे.